एक व्याजदर, अनेक तेजी-मंद्या: चलनसंघाची तयारी मोजायची कशी?

१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने लेव्ह हे आपले चलन सोडून युरो स्वीकारला आणि युरोक्षेत्रातील देशांची संख्या २१ झाली. १९९९ मध्ये ११ देशांनी सुरू केलेल्या या संघात दर काही वर्षांनी नवा देश दाखल होतो आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न उभा राहतो: हा देश तयार आहे का? अधिकृत उत्तर तूट, कर्ज आणि महागाईच्या आकड्यांत दिले जाते. अर्थशास्त्रज्ञ मात्र गेली सहा दशके आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधत आले आहेत. त्या देशाची तेजी आणि मंदी उरलेल्या संघाच्या तेजी-मंदीसोबत येते का? व्यापारचक्रांच्या या मेळावर प्रचंड संशोधन झाले आहे. त्या संशोधनातून काय हाती लागले आणि काय निसटले, याचा हा आढावा. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. मेळ मोजणे आवश्यकच आहे, पण तयारीचा तो निम्माच भाग आहे. मेळ बिघडेल तेव्हा भार कोण आणि कसा उचलणार, हे ठरवून ठेवणे हा उरलेला निम्मा भाग, आणि युरोपात माणसांची होरपळ झाली ती तिथे.

चलन सोडताना काय सुटते

स्वतःचे चलन असलेल्या देशाकडे दोन साधने असतात. मंदी आली की मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवते, कर्ज स्वस्त होते, मागणी सावरते. निर्यात बसली की चलनाचा भाव उतरतो आणि देशाचा माल परदेशात स्वस्त होतो. चलनसंघात गेल्यावर ही दोन्ही साधने जातात. व्याजदर संघाची मध्यवर्ती बँक सगळ्यांच्या सरासरीकडे पाहून ठरवते आणि सोबतच्या देशांशी विनिमय दर उरतच नाही. धरणातून पाटाला आवर्तन सुटते ते सगळ्या लाभक्षेत्रासाठी एकदमच. ज्याचा गहू ओंबीवर आला आहे त्याला ते पाणी तारते. ज्याचा कांदा काढणीला आला आहे त्याला त्याचा उपयोग नसतो, आणि महिनाभराने ज्याचे पीक पाण्यावर येईल त्याच्यासाठी दार पुन्हा उघडत नाही. एकाच व्याजदराची अडचण नेमकी हीच आहे.

याच्या बदल्यात मिळते तेही थोडे नाही. चलन बदलण्याचा खर्च वाचतो, विनिमय दराची जोखीम संपते, व्यापार वाढतो, आणि महागाईचा वाईट इतिहास असलेल्या देशाला विश्वासार्ह मध्यवर्ती बँक लाभते. म्हणून हिशेब नफ्या-तोट्याचा आहे, आणि तोटा किती हे चक्रांच्या मेळावर बरेचसे अवलंबून आहे.

या हिशेबाची मांडणी प्रथम केली कॅनडात जन्मलेल्या रॉबर्ट मंडेल यांनी. १९६१ मधल्या त्यांच्या छोट्या लेखाचा प्रश्न होता, एका चलनाचा इष्टतम प्रदेश कोणता? त्यांचे उदाहरण अमेरिका आणि कॅनडाचे होते. दोन्ही देशांच्या पूर्वेला मोटारी बनतात आणि पश्चिमेला लाकडाचा माल, असे धरले आणि मोटारींची मागणी घटून लाकडाची वाढली, तर पूर्वेला बेकारी येईल आणि पश्चिमेला महागाई. अशा वेळी अमेरिकी आणि कॅनडियन डॉलरमधला दर बदलून काही साधत नाही, कारण दरी देशांच्या सीमेवर नसून पूर्व आणि पश्चिम यांच्यात आहे. मग उपाय उरतो माणसांनी कामाच्या शोधात जाण्याचा. म्हणून मंडेल यांनी श्रमिकांच्या स्थलांतराला मध्यवर्ती स्थान दिले. १९६३ मध्ये रोनाल्ड मॅककिनन यांनी दाखवले की ज्या छोट्या देशाचा बहुतेक व्यवहार परदेशाशी होतो, तिथे अवमूल्यन लगेच महागाईत विरते, म्हणून चलन सोडताना त्याचे फारसे बिघडत नाही. १९६९ मध्ये पीटर केनेन यांनी दोन मुद्दे जोडले. ज्या देशात नाना प्रकारचे उद्योग आहेत त्याला एका उद्योगावरचा घाव झेपतो, आणि सामाईक तिजोरी असेल तर पडलेल्या प्रदेशाला तिथून आधार मिळतो.

या तिघांच्या मांडणीत चक्रांचा मेळ हा एकमेव निकष कधीच नव्हता. पुढे मात्र तोच सर्वाधिक मोजला गेला, कारण त्याची आकडेवारी सर्वांत सहज मिळत होती.

मोजमापाच्या रीती आणि त्यांच्या मर्यादा

व्यापारचक्र म्हणजे काय हे आर्थर बर्न्स आणि वेस्ली मिचेल यांनी १९४६ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून बारकाईने सांगितले होते. आजचे अभ्यासक साधारणपणे देशाच्या तिमाही उत्पादनातून दीर्घकालीन वाढ वेगळी काढतात. उरते ते चक्र. यासाठी हॉड्रिक-प्रेस्कॉट गाळणी वापरतात, किंवा बॅक्स्टर-किंग गाळणी, जी दीड ते आठ वर्षांच्या दरम्यानचे चढउतार तेवढे ठेवते. मग दोन देशांच्या चक्रांचा सहसंबंध काढतात. १ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच संबंध नाही, उणे आकडा म्हणजे उलट दिशा. डॉन हार्डिंग आणि एड्रियन पेगन यांची रीत वेगळी. किती काळ दोन्ही देश एकाच अवस्थेत, म्हणजे दोन्ही तेजीत किंवा दोन्ही मंदीत होते, हे ते मोजतात.

या रीतींत तीन अडचणी आहेत आणि निष्कर्ष वाचताना त्या विसरता येत नाहीत. पहिली, गाळणी बदलली की आकडा बदलतो. आकडेवारीच्या शेवटच्या टोकाला तर तो सर्वांत कमी भरवशाचा असतो, आणि प्रवेशाचा निर्णय घेणाऱ्याला गरज असते ती नेमकी त्याच टोकाची.

दुसरी, सहसंबंध दिशा सांगतो, खोली सांगत नाही. २०२० मध्ये कोविडमुळे जर्मनीचे उत्पादन सुमारे ४ टक्क्यांनी घटले आणि पर्यटनावर विसंबलेल्या स्पेनचे सुमारे ११ टक्क्यांनी. दिशा एकच, म्हणून मेळ उत्तम दिसतो. पण जर्मनीला पुरेल तेवढा व्याजदराचा आधार स्पेनला पुरणार नव्हता.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. दोन देश एकत्र पडले, ते एकाच कारणाने की योगायोगाने? तेलाचा भाव चढला की सगळेच आयातदार पडतात. त्यावरून त्यांची अर्थव्यवस्था एकसारखी असल्याचे सिद्ध होत नाही. म्हणून टॅमिम बायूमी आणि बॅरी आयकेनग्रीन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चक्राच्या मागचे धक्के वेगळे काढले. ज्यांचा परिणाम उत्पादनावर कायम राहतो ते पुरवठ्याचे धक्के, आणि जे काही काळाने विरतात ते मागणीचे.

युरो येण्याआधी काय माहीत होते

बायूमी आणि आयकेनग्रीन यांनी १९६० ते १९८८ या काळातल्या युरोपीय देशांची तुलना अमेरिकेच्या प्रदेशांशी केली. जर्मनीभोवती फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि डेन्मार्क असा एक गाभा दिसला. तिथले पुरवठ्याचे धक्के बरेचसे जुळत होते. ब्रिटन, इटली, स्पेन, पोर्तुगाल, आयर्लंड आणि ग्रीस परिघावर होते, आणि त्यांचे धक्के मोठेही होते व वेगळेही. अमेरिकेच्या प्रदेशांत इतकी तफावत नव्हती. १९९७ मध्ये मायकेल आर्टिस आणि वेंडा झँग यांनी दाखवले की १९७९ पासूनच्या युरोपीय विनिमय दर यंत्रणेत राहिलेल्या देशांचे चक्र अमेरिकेपासून दूर जाऊन जर्मनीच्या जवळ येत होते. ब्रिटनचे मात्र तसे नव्हते.

ब्रिटनने त्याची किंमत १९९२ मध्येच मोजली होती. जर्मनीच्या एकीकरणानंतर तिथे सरकारी खर्च आणि महागाई वाढली, म्हणून बुंडेसबँक या जर्मन मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवले. यंत्रणेत राहायचे तर इतरांनाही ते चढे ठेवणे भाग होते. ब्रिटन तेव्हा मंदीत होता. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंड वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने व्याजदर १० वरून १२ टक्के केला, १५ टक्क्यांची घोषणा केली आणि त्याच संध्याकाळी यंत्रणा सोडली. एका देशाच्या गरजेचा व्याजदर दुसऱ्याच्या मंदीत कसा बोचतो, हे युरोच्या सात वर्षे आधी सगळ्या युरोपाने पाहिले होते.

त्याआधी सात महिने, ७ फेब्रुवारी १९९२ रोजी सह्या झालेल्या मास्ट्रिख्त कराराच्या प्रवेश-निकषांत मात्र चक्रांच्या मेळाचा निकष नाही. तूट उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत, महागाई सर्वोत्तम तीन देशांपेक्षा दीड टक्क्याहून अधिक वर नको, दीर्घ मुदतीचा व्याजदर दोन टक्क्यांहून अधिक वर नको, आणि विनिमय दर दोन वर्षे स्थिर. यातले काही निकष अगदी काटेकोरपणे लावले गेले. २००६ मध्ये लिथुआनियाची महागाई २.७ टक्के होती आणि मर्यादा २.६ टक्के. तेवढ्यावरून प्रवेश नाकारला गेला आणि तो देश २०१५ मध्ये आत आला. दशांश टक्का मोजला गेला, पण त्या देशाची तेजी कशावर उभी आहे हे करारात विचारायचेच नव्हते.

मेळाचा विचार गंभीरपणे केला तो जे बाहेर राहिले त्यांनी. स्वीडनमध्ये लार्स काल्मफोर्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९६ मध्ये थांबण्याचा सल्ला दिला. बेकारी आधीच मोठी असताना वेगळा धक्का बसला तर तो झेपणार नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. २००३ च्या सार्वमतात स्वीडिश मतदारांनी सुमारे ५६ टक्क्यांनी नकार दिला. ब्रिटनमध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी १९९७ मध्ये पाच कसोट्या मांडल्या आणि त्यांत पहिली होती व्यापारचक्रांच्या मेळाची. जून २००३ मध्ये अर्थखात्याने १८ सहायक अभ्यासांसह निर्णय दिला, अजून नाही. त्यातला घरकर्जाचा मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये घरकर्जे बहुतांशी बदलत्या दराची, जर्मनीत मुख्यतः दीर्घकाळ स्थिर दराची. व्याजदर एक टक्क्याने वाढला तर ब्रिटिश कुटुंबाचा हप्ता लगेच वाढतो, जर्मन कुटुंबाचा वाढत नाही. चक्रे जुळली तरी औषधाचा परिणाम दोन्हीकडे सारखा होईल याची खात्री नसते.

चलनामुळेच मेळ बसतो का?

युरोच्या समर्थकांना १९९८ मध्ये एक भक्कम आधार मिळाला. जेफ्री फ्रँकेल आणि अँड्र्यू रोझ यांनी औद्योगिक देशांची तीस वर्षांची आकडेवारी तपासून सांगितले की ज्या देशांत आपसातला व्यापार जास्त, त्यांची चक्रेही जास्त जुळतात. एक चलन आले की व्यापार वाढेल आणि व्यापार वाढला की मेळ वाढेल. म्हणजे जो देश आज अपात्र दिसतो तो आत गेल्यावर पात्र होऊ शकतो.

याच्या विरुद्ध बाजू पॉल क्रूगमन यांनी १९९३ मध्येच मांडली होती. बाजारपेठ एक झाली की उद्योग एकेका ठिकाणी गोळा होतात, जसे अमेरिकेत मोटारी मध्य-पश्चिमेत एकवटल्या. प्रदेश जितका एका उद्योगाला वाहिलेला, तितका त्याचा धक्का वेगळा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सच्या संगणक आणि संरक्षण उद्योगाला जे झाले, ते युरोपच्या प्रदेशांनाही होईल, असा त्यांचा इशारा होता.

पुराव्याने कोणाची बाजू घेतली? रोझ यांनी २००० मध्ये सामाईक चलनामुळे व्यापार तिपटीने वाढतो असा अंदाज दिला होता. त्यात लहान बेटे आणि वसाहतींचा भरणा होता. युरोसाठीचे नंतरचे बरेच अंदाज ५ ते १५ टक्क्यांच्या आसपास आले. तरी मेळ वाढला हे खरे. नाउरो कॅम्पोस, यार्को फिद्रमुक आणि इइक्का कोर्होनेन यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांतील सुमारे ३,००० सहसंबंध एकत्र तपासले. युरोपीय देशांमधला सरासरी मेळ युरोपूर्वी ०.४ च्या आसपास होता, नंतर तो ०.६ च्या आसपास गेला. युरो न घेतलेल्या देशांतही वाढ दिसली, युरोवाल्यांत ती अधिक होती. म्हणजे काही श्रेय चलनाचे, तर काही सामाईक बाजारपेठेचे.

वित्तीय एकीकरणाचा परिणाम मात्र गुंतागुंतीचा निघाला. शेबनेम कालेमली-ओझकान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रगत देशांच्या बँक व्यवहारांवरून दाखवले की सामान्य काळात बँकांचे व्यवहार जसे एकमेकांत गुंततात तसा उत्पादनाचा मेळ घटतो, कारण पैसा जिथे तेजी आहे तिकडे धावतो. व्यापार जवळ आणतो आणि भांडवल काही काळ दूर नेते. पहिल्या दशकातल्या युरोक्षेत्रात या दोन्ही शक्ती एकाच वेळी काम करत होत्या.

माझ्या मते फ्रँकेल-रोझ यांचा निष्कर्ष चुकीचा नव्हता, त्याचा वापर चुकीचा झाला. मेळ हळूहळू, पिढीभरात वाढू शकतो. तेवढ्या काळात धक्का बसणार नाही असे त्यांच्या संशोधनात कुठेही म्हटलेले नव्हते.

स्पेन आणि आयर्लंड: निकषांत बसलेले, तरी कोसळलेले

जून २००३ ते डिसेंबर २००५ या काळात युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य व्याजदर २ टक्के होता. जर्मनी तेव्हा मरगळलेला होता. २००५ मध्ये तिथली बेकारी ११ टक्क्यांच्या आसपास होती आणि त्या देशाला हा दर योग्यच होता. स्पेनमध्ये महागाई ३ टक्क्यांवर होती. महागाई वजा केली तर तिथे कर्जाचा खरा दर शून्याच्या खाली होता, आणि आयर्लंडची गतही फार वेगळी नव्हती. मार्गारेट थॅचर यांचे सल्लागार अॅलन वॉल्टर्स यांनी हा धोका खूप आधी सांगितला होता. नाममात्र दर एकच असेल तर जिथे महागाई जास्त तिथे खरा दर कमी, आणि जिथे ब्रेक हवा तिथेच गाडीला वेग मिळतो.

हा पैसा घरबांधणीत गेला. जर्मन आणि फ्रेंच बँका कर्ज देत होत्या, स्पॅनिश आणि आयरिश बँका ते पुढे वाटत होत्या. घरांचे व्यवहार, बांधकाम आणि नोकऱ्या यांवरचा कर येत राहिल्याने सरकारी हिशेब सुरेख दिसत होते. २००५ ते २००७ अशी सलग तीन वर्षे स्पेनच्या अंदाजपत्रकात शिल्लक होती. २००७ मध्ये त्याचे सरकारी कर्ज उत्पादनाच्या सुमारे ३६ टक्के आणि आयर्लंडचे सुमारे २५ टक्के होते. मास्ट्रिख्तच्या मापाने हे दोघे जर्मनीपेक्षा सरस होते.

फुगा फुटल्यावर स्पेनची बेकारी २००७ मधल्या सुमारे ८ टक्क्यांवरून २०१३ मध्ये २६ टक्क्यांवर गेली. आयर्लंडने बँका वाचवताना स्वतःची तिजोरी रिकामी केली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंचे मदत-पॅकेज घेतले. ग्रीसचा दोष वेगळा होता. तिथे सरकारी हिशेबच खोटे होते आणि शिक्षाही सर्वांत कठोर झाली, उत्पादन सुमारे चतुर्थांशाने आटले. पण स्पेन आणि आयर्लंड नियम पाळूनही कोसळले, म्हणून धडा त्यांच्याकडून घ्यायला हवा.

या काळात मेळाचा आकडा काय म्हणत होता? तेजीच्या वर्षांत सगळेच वाढत होते, म्हणून मेळ बरा दिसत होता. २००९ मध्ये सगळेच पडले, म्हणून तो आणखी चांगला दिसला. जर्मनी सावरला आणि दक्षिण बुडत राहिली, तेव्हा कुठे तो फाटला. मोजमापाने धोक्याची सूचना दिली ती धोका येऊन गेल्यावर. कर्जाची वाढ, चालू खात्यावरची तूट, घरांच्या किमती आणि मजुरीच्या खर्चातली वाढत जाणारी दरी यांनी ती आधी दिली असती. युरोपीय आयोगाने २०११ पासून अशा असमतोलांवर लक्ष ठेवण्याची यंत्रणा उभी केली. संस्थेने शिकलेला हा खरा धडा आहे.

पूर्व युरोप: जुळलेली चक्रे, वेगळी नशिबे

पूर्व युरोपातल्या नव्या सदस्यांवर सर्वाधिक अभ्यास झाले. फिद्रमुक आणि कोर्होनेन यांनी २००६ मध्ये ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हेनिया यांचा युरोक्षेत्राशी मेळ जुन्या सदस्यांच्या तोडीचा आढळला. कारण समजण्यासारखे आहे. जर्मन उद्योगांनी आपले सुटे भाग आणि जुळणीचे काम याच देशांत नेले. स्लोव्हाकिया तर दर हजार माणसांमागे सर्वाधिक मोटारी बनवणारा देश झाला. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, झिलिनात किया, आणि २०१८ पासून नित्रात मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीची जग्वार लँड रोव्हर. अशा देशाचे चक्र युरोपच्या मोटारींच्या मागणीसोबतच फिरणार.

स्लोव्हेनियाने २००७ मध्ये आणि स्लोव्हाकियाने २००९ मध्ये युरो घेतला. हंगेरी आणि पोलंड बाहेर राहिले. दरम्यान २००८ चे संकट आले. पोलंडचे झ्लोटी हे चलन काही महिन्यांत युरोच्या तुलनेत जवळपास एक-तृतीयांशाने उतरले, पोलिश माल स्वस्त झाला, आणि २००९ मध्ये मंदी टाळणारा पोलंड हा युरोपीय संघातला एकमेव देश ठरला. लात्व्हियाने उलट वाट धरली. युरोत जायचेच म्हणून चलनाचा दर राखला, पगार कापले, आणि त्या एका वर्षात उत्पादन सुमारे १४ टक्क्यांनी घटले. ज्या देशाचा मेळ उत्तम होता त्यालाही स्वतःचे चलन अडीअडचणीला उपयोगी पडले, ही गोष्ट मेळाच्या आकड्यावर संपूर्ण भरवसा ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

ताजे उदाहरण २०२२ चे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ऊर्जेचे भाव भडकले तेव्हा ऑगस्टमध्ये एस्टोनियाची महागाई २५ टक्क्यांच्या आसपास होती आणि फ्रान्सची ७ टक्क्यांच्या आत. दोन्हीकडे धोरण एकच होते, आणि जुलै २०२२ च्या अखेरीपर्यंत ठेवींवरचा अधिकृत दर उणे ०.५ टक्के होता. हा धक्का सामाईकच होता. त्याची झळ मात्र ऊर्जेच्या बाजाराच्या रचनेनुसार तिपटी-चौपटीने वेगळी लागली.

बल्गेरियाचा हिशेब यांपेक्षा सोपा आहे. १९९७ पासून तिथे चलन मंडळाची पद्धत होती आणि लेव्ह आधी जर्मन मार्कला, मग युरोला कायम बांधलेला होता. स्वतंत्र व्याजदर त्याने जवळपास तीन दशके आधीच सोडला होता. त्यामुळे युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या मंडळात एक मत मिळणे, ही त्याच्यासाठी निव्वळ कमाई आहे. चलन सोडण्याचा तोटा प्रत्येक देशासाठी सारखा नसतो. तो आज त्याच्या हाती काय आहे यावर ठरतो.

मेळ बिघडल्यावर भार कोण उचलतो

अमेरिकेतही राज्यांची चक्रे जुळत नाहीत. तेलाचा भाव पडला की टेक्सास बसते आणि इतरांना फायदा होतो. तरी डॉलर मोडत नाही. पिएरफेडेरिको अस्द्रुबाली, बेंट सोरेन्सन आणि ओव्हेड योशा यांनी १९६३ ते १९९० च्या आकडेवारीवरून याचे उत्तर दिले. एखाद्या राज्याच्या उत्पादनाला धक्का बसला तर त्यातला ३९ टक्के भाग भांडवल बाजार शोषतो, कारण राज्यातल्या उद्योगांचे मालक देशभर विखुरलेले असतात. १३ टक्के भाग केंद्र सरकार कर आणि अनुदानांतून शोषते, २३ टक्के कर्जव्यवहार, आणि फक्त २५ टक्के धक्का लोकांच्या उपभोगापर्यंत पोहोचतो. केंद्राच्या वाट्याबद्दल मतभेद आहेत. झेव्हियर साला-इ-मार्टिन आणि जेफ्री सॅक्स यांनी तो डॉलरमागे ३५ ते ४० सेंट सांगितला, युर्गेन फॉन हागेन यांनी सुमारे १० सेंट. पण आधार आहे याबद्दल दुमत नाही. शिवाय ऑलिव्हिए ब्लँचार्ड आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी दाखवले की काही वर्षांत माणसे बेकारीच्या राज्यातून निघून जातात आणि बेकारीचा दर पूर्ववत होतो. विशेष म्हणजे मंडेल यांनीही सत्तरच्या दशकात याच दिशेने विचार केला. चलन एक असेल तर देश एकमेकांच्या मालमत्तेत वाटेकरी होतात आणि जोखीम वाटली जाते, असे ते म्हणू लागले.

युरोक्षेत्रासाठी झालेल्या अशाच मोजमापांत लोकांपर्यंत पोहोचणारा धक्का कितीतरी मोठा निघतो. युरोपीय संघाचे अंदाजपत्रक उत्पादनाच्या एका टक्क्याच्या आसपास आहे. भाषा, पेन्शन आणि पदव्यांच्या मान्यतेमुळे माणसे अमेरिकेइतकी हलत नाहीत. संकटानंतर मात्र काही पावले खरोखर पडली. जुलै २०१२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो राखण्यासाठी वाटेल ते करण्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी कायमस्वरूपी मदतनिधी आला, नोव्हेंबर २०१४ मध्ये बँकांवरची देखरेख एक झाली, आणि जुलै २०२० मध्ये ७५० अब्ज युरोंचा पुनरुज्जीवन निधी सामाईक कर्जातून उभा करण्याचे ठरले. ठेवींचा सामाईक विमा मात्र अजूनही नाही.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. रिझर्व्ह बँक मुंबईतून जो रेपो दर ठरवते तो महाराष्ट्रालाही लागू होतो, बिहारलाही आणि केरळलाही. जुलै २०२५ मध्ये देशाची किरकोळ महागाई २ टक्क्यांच्या खाली होती आणि केरळची ८ टक्क्यांच्या वर. राज्यांची चक्रे जुळतात म्हणून रुपया टिकलेला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. त्यात देशाच्या उत्पादनात सर्वांत मोठा वाटा असलेल्या महाराष्ट्राच्या पदरी ६.३ टक्के आले आणि बिहारच्या १०.१ टक्के. त्यावर महाराष्ट्रात कुरकुर होते. पण पाटण्याहून मुंबईला येणारा मजूर, त्याने घरी पाठवलेले पैसे आणि हा करांचा वाटा, या तीन गोष्टी मिळूनच एका चलनाची किंमत चुकती होते.

युरोपाबाहेर

रुपयाचाही एक चलनसंघ होता आणि तो मोडला. रिझर्व्ह बँक आखाती देशांसाठी १९५९ पासून वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा काढत असे. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. मग ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि एका डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. दुष्काळ, युद्धाचा खर्च आणि परकीय चलनाची चणचण या आपल्या अडचणी होत्या. कतार आणि दुबईला त्या सोसण्याचे कारण नव्हते. त्यांनी त्याच वर्षी रुपया सोडला. इथे धक्के वेगळे होते, सामाईक तिजोरी नव्हती आणि निर्णयात आखाताला आवाजही नव्हता.

पश्चिम आफ्रिकेत ‘इको’ या सामाईक चलनाची तारीख २००३ पासून पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि आता २०२७ सांगितली जाते. तिथली अडचण मंडेल यांच्या उदाहरणासारखीच आहे. नायजेरिया तेल विकतो आणि बहुतेक शेजारी ते विकत घेतात. तेलाचा भाव चढला की एकाला तेजी येते, दुसऱ्याला टंचाई. याच प्रदेशातले आठ देश सीएफए फ्रँक वापरतात. फ्रान्सच्या पाठबळावर तो दीर्घकाळ टिकला. तरी जानेवारी १९९४ मध्ये त्याचे मूल्य निम्मे करावे लागले, आणि ज्यांना त्याची गरज होती आणि ज्यांना नव्हती त्या सगळ्यांना ते एकदमच भोगावे लागले.

तयारीचा अहवाल कसा असावा

सहा दशकांच्या संशोधनातून चार गोष्टी पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. व्यापार आणि पुरवठा-साखळ्यांनी चक्रे जवळ येतात. सामाईक चलनाने ती आणखी थोडी जवळ येतात. कर्जाच्या लाटा ती दूर नेतात. आणि मेळ कितीही चांगला असला तरी धक्क्याची खोली आणि व्याजदराचा परिणाम देशागणिक वेगळा राहतो.

म्हणून एखादा देश तयार आहे का हे सांगणाऱ्या अहवालाने सहसंबंधाच्या एका आकड्यावर थांबू नये. चक्रे जुळतात ती कोणत्या उद्योगामुळे, आणि तो उद्योग बसला तर पुढे काय? एकाच दिशेचा धक्का या देशाला इतरांपेक्षा किती खोल लागतो? स्वस्त कर्जाचा लोंढा आला तर तो रोखण्याचे अधिकार देशाच्या बँक-नियामकाकडे आहेत का आणि ते वापरण्याची राजकीय हिंमत आहे का? चांगल्या वर्षांत शिल्लक टाकली जाते का? देश संकटात सापडला तर संघ त्याला काय देणार, किती दिवसांत, कोणत्या अटींवर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकट्या देशाला देता येत नाही. ते संघाला द्यावे लागते, आणि प्रवेशाच्या आधी, लेखी.

मास्ट्रिख्तच्या रचनेत उणीव राहिली ती हीच. तिने येणाऱ्याची परीक्षा घेतली, घेणाऱ्याची घेतली नाही. २०१३ मध्ये स्पेनमध्ये दर चार काम मागणाऱ्यांत एक रिकामा बसला होता, तेव्हा त्याच्या देशाने निकष पाळले होते आणि संघाकडे त्याच्यासाठी तरतूद नव्हती. इथून पुढे जो कोणी चलनसंघ उभारेल, मग तो आफ्रिकेत असो की आखातात, त्याने उमेदवार देशाच्या अहवालासोबत स्वतःच्या तयारीचा अहवालही तितक्याच काटेकोरपणे लिहावा. तो लिहिता येत नसेल तर चलनसंघाची तारीख पुढे ढकलणे हाच जबाबदार निर्णय आहे.